अमर पेशीची पन्नास वर्षं

आजच्या पुष्पाचा विषय पत्रिकेत 'पेशींचं आरोग्य आणि निरोगी वार्धक्य' असा छापला आहे. तो वाचून पुष्कळांना वाटलं असेल की आज कोणी डॉक्टर बोलणार. आम्ही डॉक्टर आहोत, पण तत्त्वज्ञानाचे. आमच्या पदवीने कुणाचा ताप उतरत नाही. मग तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी पेशींवर का बोलावं? कारण हा विषय जितका औषधाचा आहे तितकाच प्रमाणाचाही आहे. प्रमाण म्हणजे सकाळी किती गोळ्या आणि रात्री किती, ते नव्हे. न्यायशास्त्रातलं प्रमाण. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कळलं ते कशावरून, हा प्रश्न.

आज या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांनी साठी ओलांडलेली दिसते. तुमच्या-आमच्या फोनवर रोज जाहिराती येतात. पेशींना बळ द्या, पेशी तरुण ठेवा, वय थांबवा. खाली पांढऱ्या कोटातला एक माणूस आणि हातात डबी. पेन्शन घेणारी माणसं त्या डब्या विकत घेतात, आणि घेतल्यावर फरक पडला नाही तर काय म्हणतात? 'आमचंच कुठेतरी चुकत असेल. पथ्य नीट पाळलं गेलं नाही.' हे वाक्य लक्षात ठेवा. विसाव्या शतकात जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांमधली हुशार माणसं जवळजवळ पन्नास वर्षं हेच वाक्य म्हणत होती. आज आपण त्याचा इतिहास पाहणार आहोत.

म्हातारपण लांबवण्याची इच्छा काही आजची नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे. म्हणजे रोगांची चिकित्सा सुरू करण्याआधी संहिताकारांनी जरेचा विचार केला. त्यात खास बांधलेल्या कुटीत राहून करायचं कुटीप्रावेशिक रसायन आहे, च्यवनऋषींच्या नावाने आजही बरणीतून घराघरांत जाणारा अवलेह आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटच्या पादात 'आचार रसायन' आहे. खरं बोलावं, राग आवरावा, झोप आणि जागरण यांचा तोल ठेवावा, हेही रसायनच, असं तिथे मानलं आहे. या शेवटच्या रसायनाची जाहिरात कुणी करत नाही. डबीत भरता येत नाही ना ते!

युरोपातही तेच. १८८९ च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाचे नामवंत शरीरशास्त्रज्ञ सभेपुढे उभे राहिले. वय ७२. त्यांनी सांगितलं, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आम्ही स्वतःला टोचून घेतला आणि आमची ताकद परत आली. त्या अर्काची लाट उसळली, डॉक्टरांनी तो विकला, रुग्णांनी टोचून घेतला. खुद्द ब्राउन-सेकार १८९४ मध्ये वारले. त्यांच्यानंतर पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकॉव्ह. १९०८ चं नोबेल मिळालेला माणूस. त्यांचं म्हणणं, मोठ्या आतड्यातल्या सडण्यामुळे माणूस लवकर म्हातारा होतो, म्हणून बल्गेरियातल्या शेतकऱ्यांसारखं आंबवलेलं दूध घ्यावं. आपल्याकडच्या आजीला हे ऐकून हसू आलं असतं. ताकाची महती तिला नोबेलशिवाय ठाऊक होती. मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी गेले. यात कुचेष्टा नाही. आतड्यातल्या जिवाणूंचा विचार आज नव्याने होतो आहे आणि त्याचं श्रेय त्यांना मिळतं. पण 'अमुक घेतलं आणि मला बरं वाटलं' यावरून 'अमुकने वय थांबतं' इथपर्यंतची उडी फार लांबची आहे, एवढं दोन्ही उदाहरणांतून ध्यानात घ्यावं.

आता पेशीकडे येऊ. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाच्या पातळ कापात छोट्या छोट्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना नाव दिलं. सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात हा सिद्धान्त श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला १८३८-३९ मध्ये. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते, हा विचार १८५० च्या दशकात फिर्शोने रुजवला. एकदा हे मान्य झालं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. शरीर म्हातारं होतं ते का? पेशी म्हाताऱ्या होतात म्हणून, की पेशी तशाच तरुण राहतात आणि त्यांची व्यवस्था बिघडते म्हणून? घर पडकं झालं तर विटा झिजल्या, की चुना सुटला?

जर्मनीतले आउगुस्ट वाइसमान यांनी १८८१ साली, आज आपण करतो आहोत तसंच एक व्याख्यान दिलं. विषय होता आयुष्याची लांबी. त्यांनी तर्क मांडला की झिजलेलं शरीर कायम भरून निघत नाही, कारण शरीरातल्या पेशींची विभाजनाची शक्ती मर्यादित असते. विटाच मोजक्या वेळा घडवता येतात. पिढ्यान् पिढ्या चालत राहते ती बीजाची परंपरा. देह हा तिचा एका पिढीपुरता वाहक. वाइसमानच्या हातात प्रयोग नव्हता. शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र तेव्हा कुणालाच येत नव्हतं. न्यायाच्या भाषेत सांगायचं तर हे अनुमान होतं, प्रत्यक्ष नव्हतं.

ते तंत्र आलं १९०७ मध्ये. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातल्या चेतापेशी शरीराबाहेर, काचेवर, जिवंत ठेवल्या आणि वाढताना पाहिल्या. आणि त्यानंतर आले आपल्या कथेचे नायक, अलेक्सी कॅरेल.

कॅरेल मूळचे फ्रान्समधल्या लिओंचे. तुटलेल्या रक्तवाहिन्या शिवण्याची त्यांची पद्धत इतकी नाजूक आणि अचूक होती की तिच्यासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. आज जगभर ज्या बायपास आणि अवयवरोपणाच्या शस्त्रक्रिया होतात, त्यांच्या पायात या माणसाचा दगड आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढची गोष्ट ऐकून कुणी त्यांना भोंदू म्हणू नये.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १७ जानेवारी १९१२ रोजी कॅरेलनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक बारीक तुकडा काचेच्या भांड्यात ठेवला. त्याला रक्तद्रव आणि गर्भाचा अर्क हे अन्न. पेशी वाढल्या. भांडं भरलं की थोड्या काढून नव्या भांड्यात घालायच्या. कॅरेलच्या प्रयोगशाळेत भिंती काळपट, मदतनिसांच्या अंगावर काळे झगे, अशी एखाद्या गाभाऱ्यासारखी व्यवस्था होती. पेशींची रोजची उसाभर त्यांचे सहकारी एबेलिंग पाहत. वर्षं गेली. कोंबडीचं आयुष्य ते किती? आठ-दहा वर्षं. इथे वीस वर्षं झाली, तीस झाली, हृदयाच्या तुकड्यातून आलेल्या पेशी वाढतच होत्या. जानेवारी आला की वर्तमानपत्रं त्या पेशींचा वाढदिवस छापायची. १९३७ साली अमेरिकेतल्या रेडिओवर कोंबडीच्या हृदयाची भयकथा सादर झाली, एवढी ही गोष्ट घरोघरी पोचली होती. १९४४ साली कॅरेल गेले, पेशी राहिल्या. १९४६ साली, ३४ वर्षांनी, ते संवर्धन मुद्दाम बंद करण्यात आलं.

कॅरेलचा निष्कर्ष स्पष्ट होता. पेशी मुळात अमर आहे. तिला योग्य अन्न द्या, तिची घाण काढून टाका, ती कधीच मरणार नाही. म्हातारपण पेशीत नाही, पेशीच्या भोवतालच्या रसात आहे. वाइसमान चुकले.

इथे जरा थांबू. हे विधान खरं धरलं तर म्हातारपणाचा अर्थच बदलतो. पेशी निर्दोष ठरली, की दोष कुणाचा? ज्याने तिला नीट पोसलं नाही त्याचा. म्हणजे म्हातारा झालेला प्रत्येक माणूस हा कुठेतरी हयगय केलेला माणूस. आज जाहिरातीतली डबी नेमकं हेच आपल्या कानात सांगते: तुम्ही पेशींची काळजी घेतली नाहीत, म्हणून गुडघे दुखतात. विज्ञानातून गेलेली कल्पना बाजारात किती काळ टिकते बघा.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी, वयाच्या ७६ व्या वर्षी, एका तपस्वींच्या देखरेखीखाली कायाकल्प करून घेतला. देशभर त्याची चर्चा झाली. मालवीयजी १९४६ साली गेले, न्यूयॉर्कचं ते संवर्धन बंद झालं त्याच वर्षी. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण एवढं दिसतं की पूर्व भोळी आणि पश्चिम शहाणी अशी सोयीची वाटणी या विषयात चालत नाही. आशा दोन्हीकडे सारखीच होती. एकीकडे ती कुटीत बसली होती, दुसरीकडे काळ्या झग्यात.

आता खरा प्रश्न. कॅरेलच्या प्रयोगाची बातमी जगभर पसरल्यावर पुष्कळ प्रयोगशाळांनी पेशी वाढवायला घेतल्या. बहुतेकांच्या पेशी काही महिन्यांनी मंदावायच्या आणि थांबायच्या. मग त्या शास्त्रज्ञांनी काय निष्कर्ष काढला? कॅरेल चुकले असावेत? नाही. त्यांनी म्हटलं, आमचंच कुठेतरी चुकलं. अन्न बरोबर नव्हतं, भांडी नीट धुतली गेली नाहीत, हात कॅरेलइतका कुशल नाही. प्रत्येक अपयशाचा दोष करणाऱ्याच्या पदरात आणि सिद्धान्त मात्र सोवळ्यात! असा सिद्धान्त कधी खोटा ठरूच शकत नाही. आणि जो खोटा ठरू शकत नाही, त्याच्या खरेपणालाही काही अर्थ उरत नाही.

न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. शिवणकामात कॅरेल आप्त होते, यात शंका नाही. पण रक्तवाहिनी शिवण्यातलं आप्तत्व पेशीच्या अमरत्वाला उसनं देता येत नाही. कॅरेलनी तर ते पुढे समाजालाही उसनं दिलं. १९३५ साली त्यांनी माणसाविषयी एक जाडजूड पुस्तक लिहिलं, ते अफाट खपलं, आणि त्यात समाजातल्या 'निकृष्ट' माणसांचं काय करावं याबद्दल जे विचार आहेत ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. एका विषयातला अधिकार दुसऱ्या विषयात निमूट मान्य केला की असं होतं.

हा पन्नास वर्षांचा समज मोडला लेनर्ड हेफ्लिक या तरुण शास्त्रज्ञाने. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये ते मानवी गर्भाच्या ऊतींमधून पेशी वाढवत होते. काम होतं विषाणूंच्या अभ्यासाचं, म्हातारपणाचं नव्हेच. त्यांना दिसलं की पेशी सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. आधी त्यांनाही वाटलं असेल की आपलंच काही चुकतंय. पण ते तिथे थांबले नाहीत. एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या अन्नावर, एकाच हाताने वाढवलेल्या भांड्यांपैकी जुन्या पेशींची भांडी मरतात आणि नव्या पेशींची जगतात. अन्न वाईट असतं तर सगळीच मेली असती.

मग त्यांनी आणि पॉल मूरहेड यांनी एक फार सुंदर प्रयोग केला. पुष्कळ वेळा विभागलेल्या पुरुष पेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या स्त्री पेशी एकाच भांड्यात मिसळल्या. गुणसूत्रं पाहून पुरुष पेशी कुठली आणि स्त्री पेशी कुठली हे ओळखता येतं. शेजारी शेजारी राहून, एकच अन्न खाऊन, काही काळाने भांड्यात फक्त स्त्री पेशी उरल्या. पुरुष पेशी आपली संख्या पुरी करून थांबल्या होत्या. भोवतालचा रस एकच होता, म्हणजे मोजणी पेशीच्या आतच चालली होती. पुढे असंही दिसलं की पेशी गोठवून ठेवल्या आणि काही वर्षांनी वितळवल्या, तर जिथे मोजणी थांबली होती तिथूनच त्या पुढे मोजतात.

हा निबंध पहिल्या नियतकालिकाने परत पाठवला. संपादकांचं उत्तर असं होतं की योग्य परिस्थिती मिळाली तर पेशी अखंड वाढतात, हे तर गेल्या पन्नास वर्षांतलं सर्वांत मोठं सत्य आहे. शेवटी १९६१ साली तो दुसरीकडे छापून आला. आज त्या संख्येला हेफ्लिक मर्यादा म्हणतात. वाइसमानचं अनुमान ८० वर्षांनी प्रत्यक्षाला भेटलं.

मग कॅरेलच्या पेशी ३४ वर्षं कशा जगल्या? सर्वांत पटणारा खुलासा असा, की त्यांना अन्न म्हणून घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या अर्कातच काही जिवंत पेशी शिल्लक राहत असाव्यात. म्हणजे प्रत्येक जेवणाबरोबर भांड्यात नवे पाहुणे येत होते. हे अनवधानाने झालं की कुणाला ठाऊक असून झालं, याची चर्चा इतिहासकार करतात. पण तो प्रयोग त्याच रीतीने पुन्हा कुणालाही जमला नाही, यात वाद नाही.

पेशीच्या आत मोजणी करतं कोण? मॉस्कोचे अलेक्सेई ओलोव्हनिकॉव्ह यांना १९७१ च्या आधी, मेट्रो स्टेशनवर गाडीची वाट पाहताना याचं उत्तर सुचलं असं ते सांगत. रुळावर उभ्या इंजिनाला स्वतःच्या खालचा रूळ दिसत नाही. तसंच गुणसूत्राची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला टोकाचा थोडा भाग उतरवता येत नाही. प्रत्येक नकलेत टोक जरासं आखूड होतं. गुणसूत्राच्या या टोकांना टेलोमिअर म्हणतात. चपलेच्या नाडीच्या टोकाला जशी टोपी असते, तशी ही. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात त्या टोकाची रचना वाचली आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिला १९८४ च्या नाताळच्या दिवशी ती टोकं पुन्हा लांब करणारं विकर सापडलं. त्याचं नाव टेलोमरेज. २००९ चं नोबेल या दोघींना आणि जॅक शॉस्टाक यांना मिळालं. १९९८ मध्ये मानवी पेशींत हे विकर चालू करून त्यांना हेफ्लिक मर्यादेपलीकडे नेण्यात आलं.

झालं! अमर पेशी पुन्हा परत आली. टोकं लांब करा आणि तरुण राहा, अशा गोळ्याही बाजारात आल्या. पण इथे आपल्याला हेनरिएटा लॅक्स या बाईंची आठवण ठेवायला हवी. बाल्टिमोरमध्ये १९५१ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना न विचारता त्यांच्या गाठीतल्या पेशी घेतल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. हेफ्लिक मर्यादा त्यांना लागू नाही; त्या खरोखर अमर आहेत, कारण त्या कर्करोगाच्या आहेत. साधारण ८५ ते ९० टक्के कर्करोगांत टेलोमरेज चालू झालेलं सापडतं. पेशी अमर झाली आणि बाई गेली. पेशीचं अमरत्व आणि माणसाचं आयुष्य एकमेकांच्या आड येऊ शकतात, हे यापेक्षा उघड कसं सांगावं? देहाने पेशीला घातलेली मर्यादा हा नुसता दोष नाही, ती एक राखणही आहे.

मर्त्य पेशींचं ऋणही सांगायला हवं. हेफ्लिकनी १९६२ साली जी मानवी पेशींची मालिका तयार केली, ती नेमकी मर्यादित आयुष्याची, सामान्य गुणसूत्रांची, कर्करोगाचा लवलेश नसलेली होती. म्हणून ती लशीच्या कामाला योग्य ठरली. विस्टारमध्येच अशा पेशींवर रुबेलाच्या लशीचा विषाणू तयार झाला. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये जी गोवर-रुबेलाची लस बनते तिच्यात तोच विस्टारचा विषाणू आहे आणि तो अशाच मर्यादित आयुष्याच्या मानवी पेशींवर वाढवतात. २०१७ पासून शाळाशाळांत झालेल्या मोहिमेत तुमच्या नातवंडांच्या दंडाला जे टोचलं गेलं, त्याची वंशावळ ही अशी. कॅरेलच्या अमर पेशीने वर्तमानपत्रं भरवली. हेफ्लिकच्या मर्त्य पेशीने मुलं वाचवली.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास ऐकला, पण पेशींची काळजी घ्यायची की नाही? घ्यायची. फक्त 'पेशीला मदत' या शब्दांचा अर्थ इतिहासाने काय ठरवला तो पाहू.

१९५६ साली डेनम हार्मन यांनी मांडलं की पेशीत ऊर्जा तयार होताना निघणारे मुक्तकण पेशीला गंजवतात आणि त्यातून म्हातारपण येतं. कल्पना देखणी होती. गंज लागतो ना, मग गंजविरोधी द्या. अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा व्यापार या एका कल्पनेवर उभा राहिला. पण मग कुणीतरी पाहायचं ठरवलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली १८,३१४ जणांची दुसरी चाचणी १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधीच थांबवावी लागली. बीटा कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो कर्करोग २८ टक्के जास्त आणि मृत्यूही जास्त होते. गाजर खाऊ नका असा याचा अर्थ नाही. गाजरातलं एक द्रव्य उपसून काढून डबीत भरलं की ते गाजर राहत नाही, एवढाच अर्थ. पुढे कळलं की हे मुक्तकण नुसते गंज नाहीत, ते पेशीतले निरोपेही आहेत. २००९ मधल्या एका जर्मन अभ्यासात व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा इन्सुलिनच्या बाबतीतला व्यायामाचा फायदाच दिसेनासा झाला. निरोप्याला दारातच अडवलं, मग निरोप पोचणार कसा?

म्हणजे पेशी स्वतःची डागडुजी स्वतः करते. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये हे उलगडून दाखवलं. पेशी आपले मोडके भाग एका पिशवीत बांधते, ते विरघळवते आणि त्यातलं कामाचं सामान पुन्हा वापरते. जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या घराण्यात वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजवायला नको. ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. अन्नाचा तुटवडा पडला की यीस्टमध्ये हे काम वेगाने चालतं. पण म्हणून सत्तरीतल्या माणसाने, त्यात मधुमेहाची औषधं चालू असताना, मनानेच उपास सुरू करावेत असा निष्कर्ष यीस्टवरून काढू नये. उपमान हे प्रमाण आहे, पण त्याला हद्द आहे.

आणि आता ती गोष्ट जिला डबी लागत नाही. १९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया, शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीची वीजघरं, यांची क्षमता जवळजवळ दुप्पट झालेली पाहिली. बरं, ते उंदीर झाले. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना वजनं उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली दिला. त्यांची वयं ८६ ते ९६! आठ आठवडे. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दहा माणसांचा अभ्यास लहान आहे, हे खरं. पण त्यानंतर अशा व्यायामाचे मोठे अभ्यास अनेक झाले आणि दिशा तीच राहिली. नव्वदीतला स्नायूही सांगितलेलं ऐकतो. ही माणसं तरुण झाली नाहीत. त्यांची हेफ्लिक मर्यादा हलली नाही. खुर्चीतून उठताना हाताचा आधार कमी लागला, आणि त्या वयात ते थोडं नव्हे.

कॅरेल आणि हेफ्लिक यांच्यातला फरक आपल्या रोजच्या जगण्यात इथे उतरतो. म्हातारपण ही चूक आहे असं मानलं तर आपण आयुष्यभर अपराधी राहणार आणि डबी विकणाऱ्याचं फावणार. मर्यादा ही पेशीच्या घडणीतच आहे असं मानलं तर अपराधाचं ओझं उतरतं, आणि तरी हात जोडून बसायचं कारण उरत नाही. मर्यादेच्या आत डागडुजीला भरपूर वाव आहे. तंबाखू सोडणं, रोज चालणं, स्नायूंना थोडा ताण देणं, झोप, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं. यातलं नवीन काहीच नाही, हीच त्याची खात्री. चरकाचं आचार रसायन आणि हॉलोझीचे उंदीर यांना एका पंगतीत बसवायचा आमचा आग्रह नाही; दोघांची प्रमाणं वेगळी आहेत. पण दोघांनाही डबी लागत नाही, एवढं साम्य आम्हाला फार गोड वाटतं.

शेवटी पुढची डबी समोर आली की विचारायचे चार प्रश्न. एक, हे सांगणारा या गोष्टीतला आप्त आहे, की दुसऱ्या कशातला अधिकार इथे उसना आणतो आहे? दोन, हे माणसांत पाहिलं, की यीस्ट, उंदीर आणि काचेचं भांडं यांच्यातच? तीन, घेणारे आणि न घेणारे यांची शेजारी शेजारी तुलना झाली का, जशी हेफ्लिकनी एकाच भांड्यात केली? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: हे खोटं आहे असं कळायचं झालं तर ते कशावरून कळेल? गुण आला तर औषधाचा आणि नाही आला तर दोष तुमच्या पथ्याचा, असं उत्तर मिळालं, तर काचेच्या भांड्यातली ती कोंबडी अजून जिवंत आहे असं समजा आणि पैसे परत खिशात ठेवा.

हेफ्लिक स्वतः २०२४ साली गेले, ९६ व्या वर्षी. पेशीला मर्यादा असते हे सिद्ध करणारा माणूस चांगला भरपूर जगला. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, पण ऐकून बरं वाटतं.

प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटं आहेत. गुडघेदुखीचे प्रश्न मात्र कृपा करून खऱ्या डॉक्टरांना विचारावेत.